शिक्षककक्षातला कॅमेरा : जपानमधील परदेशी इंग्रजी शिक्षक आणि त्यांचे हौशी छायाचित्रण

जपानच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी तरुणांना मोठ्या संख्येने आणण्याची योजना १९८७ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यामागे अध्यापनशास्त्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, व्यापाराचे राजकारण होते. जपानची निर्यात फुगत चालली होती, अमेरिकेची नाराजी वाढत होती आणि आपला देश जगासाठी दारे उघडत आहे हे दाखवून देण्याची निकड पंतप्रधान नाकासोने यासुहिरो यांच्या सरकारला भासत होती. अमेरिकी आणि ब्रिटिश शिक्षकांसाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या दोन लहान योजना एकत्र करून ‘जपान एक्सचेंज अँड टीचिंग प्रोग्राम’, संक्षेपाने ‘जेट’, हा कार्यक्रम आखला गेला. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण आले. २००२ साली ही संख्या ६,२७३ वर पोहोचली. त्यांतील बहुतेकांचे पद ‘असिस्टंट लँग्वेज टीचर’ म्हणजे सहायक भाषा-शिक्षक असे असून, सर्वत्र ते ‘एएलटी’ या आद्याक्षरांनीच ओळखले जाते.

या कार्यक्रमाच्या धोरणाविषयी बरेच लिहिले गेले आहे; मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॅककॉनेल यांचा ‘इम्पोर्टिंग डायव्हर्सिटी’ हा २००० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यात महत्त्वाचा मानला जातो. मात्र या तरुणांनी शाळेबाहेरचा आणि शाळेतलाही रिकामा वेळ कसा घालवला, या प्रश्नाला अभ्यासकांनी फारसे महत्त्व दिलेले नाही. त्या वेळाचा मोठा वाटा कॅमेऱ्याने घेतला आणि हे केवळ जपान निसर्गसुंदर आहे म्हणून घडले नाही. नोकरीची घडणच अशी होती की तिच्यातून हौशी छायाचित्रकार तयार व्हावेत, आणि पुढे ती घडण बदलली तशी छायाचित्रेही बदलली.

परदेशी इंग्रजी शिक्षकाने जपानी गावाकडे निरीक्षकाच्या नजरेने पाहणे ही परंपरा तशी जुनी आहे. लाफ्काडिओ हर्न हा लेखक १८९० साली मात्सुए येथील शाळेत इंग्रजी शिकवू लागला आणि त्या अनुभवावर त्याने १८९४ च्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. एका डोळ्याने अंध आणि दुसऱ्याने अधू असलेल्या हर्नचे साधन लेखणी होते. शंभर वर्षांनंतर आलेल्या पदवीधरांपैकी बहुतेकांजवळ तशी लेखणी नव्हती, पण कॅमेरा घेण्यापुरता पगार होता.

नोकरीचे स्वरूप नीट पाहिले तर या गोष्टीचा उलगडा होतो. एएलटीकडे जपानी शिक्षकाचा परवाना नसतो. त्यामुळे नियमानुसार वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाकडे राहते आणि एएलटीने त्याच्यासोबत उभे राहून ‘टीम टीचिंग’ म्हणजे सहअध्यापन करायचे असते. हे सहअध्यापन पुष्कळदा धडा मोठ्याने वाचून दाखवण्यापुरते उरे, आणि ‘मानवी टेपरेकॉर्डर’ ही एएलटी मंडळींनी स्वतःवरच केलेली थट्टा त्यातूनच आली. तास संपला की शिक्षककक्षात यावे. जपानी शाळेत सर्व शिक्षकांची टेबले एकाच मोठ्या दालनात समोरासमोर लावलेली असतात. तेथे इतर शिक्षक रात्रीपर्यंत कागदपत्रांत बुडालेले असताना एएलटीच्या टेबलावर मात्र करण्यासारखे काही नसे, आणि विद्यार्थ्यांना सुट्टी लागली तरी करारातील तास भरण्यासाठी त्याला बहुधा तिथेच बसून राहावे लागे. शिवाय नेमणुका मोठ्या प्रमाणावर खेड्यांत आणि लहान गावांत होत. तिथे त्याला दुकानाची पाटी वाचता येत नसे, फलकावरची सूचना कळत नसे, आणि गावातले सगळे मात्र त्याला ओळखत. त्याने काल दुकानातून काय खरेदी केले हे दुसऱ्या दिवशी विद्यार्थी त्यालाच सांगत. दिवसभर ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला कॅमेऱ्यामुळे उलट पाहण्याचा अधिकार मिळतो, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचे डोळे आपोआपच अक्षरांऐवजी आकारांवर स्थिरावतात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मुळे मराठी वाचकाला परिचित झालेला जपान हा प्रवाशाचा जपान आहे, एएलटीचा जपान हा एकाच बसथांब्यावर वर्षभर उभ्या राहणाऱ्याचा आहे. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांतली देवळे आणि चेरीची फुले संपली की त्याच्या रोलमध्ये रॉकेलच्या शेगड्या, भाताची खाचरे, प्रवेशद्वाराशी मांडलेले जोडे आणि डोक्याला फडके बांधून व्हरांडा पुसणारी मुले दिसू लागतात.

पैशाची बाजूही महत्त्वाची होती. आरंभीची पंचवीसेक वर्षे जेटचे वेतन करवजा जाता वर्षाला ३६ लाख येन होते. १९८७ च्या विनिमय दराने ते साधारण २५ हजार डॉलर होत असे. १९९५ च्या एप्रिलमध्ये डॉलर ८० येनच्या खाली उतरला तेव्हा, तेवढ्यापुरते का होईना, तेच वेतन ढोबळ हिशेबाने ४५ हजार डॉलरचे झाले. एकट्या तरुणाला ही रक्कम पुरून उरत असे, आणि तो राहत होता तो देश तर जगाला कॅमेरे पुरवणारा देश होता. मिनोल्टाचा ‘अल्फा ७०००’ हा आपोआप फोकस साधणारा एसएलआर कॅमेरा १९८५ साली बाजारात आला होता. एसएलआर म्हणजे आतील आरशामुळे लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा. पुढच्याच वर्षी फुजीफिल्मने ‘उत्सुरुन्देसु’ हा एकदा वापरून दुकानात परत द्यायचा कॅमेरा आणला. वाकायामाच्या नोरित्सु कंपनीने १९७० च्या दशकात तयार केलेल्या ‘मिनिलॅब’ यंत्रामुळे, म्हणजे रोल धुऊन लगेच प्रिंट काढून देणाऱ्या छोट्या यंत्रशाळेमुळे, लहान गावातही तासाभरात फोटो हातात पडत. रोल धुतानाच सर्व प्रिंट काढून घेण्याची पद्धत तिथे रूढ होती आणि सुमारे ८९ बाय १२७ मिलिमीटरचे ते प्रिंट कागदी खिशांच्या पातळ अल्बममध्ये घालून मिळत. या अल्बमांचा प्रवास दोन दिशांनी होई. काही पाकिटातून मायदेशी जात. आणि काही शाळेच्या व्हरांड्यात, एएलटीच्या ताब्यात दिलेल्या ‘इंग्लिश बोर्ड’ नावाच्या फलकावर, रंगीत कागदाच्या चौकटीत इंग्रजी ओळींसह चिकटवले जात. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही चित्रापेक्षा आपलेच फोटो आणि त्यांखालची दोन वाक्ये मुले अधिक लक्षपूर्वक वाचत, ही गोष्ट अनेक शाळांत अध्यापनाची कोणतीही पद्धत न सांगता सिद्ध झाली.

शाळेच्या फोटोसंस्कृतीत एएलटीचा कॅमेरा काही परका नव्हता. क्रीडादिनाला पालक पहाटेपासून मोक्याच्या जागा धरत. शाळेने नेमलेला छायाचित्रकार सर्वांचे फोटो काढी आणि मग ते क्रमांक घालून व्हरांड्यातल्या फळ्यांवर लावले जात, म्हणजे हवे ते क्रमांक पाकिटावर लिहून, आत पैसे घालून, पाकीट वर्गशिक्षकाकडे देता येई. समोर कॅमेरा दिसताच मुलांची दोन बोटे आपसूक वर जात; १९७२ च्या सुमाराच्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीमुळे ही सवय पसरली असे सांगितले जाते. तिच्यामुळे हजारो रोलांमध्ये एकच मुद्रा पुन्हा पुन्हा उमटली. नवख्या एएलटीच्या छायाचित्रांची ही सर्वांत मोठी मर्यादा होती, आणि ती ओलांडायला बहुधा गावातल्या वडीलधाऱ्यांची मदत होत असे.

हे वडीलधारे म्हणजे ‘कोमिनकान’ या सार्वजनिक सभागृहात महिन्यातून एकदा जमणाऱ्या छायाचित्र-मंडळाचे सदस्य. निवृत्त पोस्टमास्तर, दुकानदार, शेतकरी अशा या मंडळींची परंपरा छायाचित्रण-मासिकांतील मासिक स्पर्धांवर पोसलेली होती. १९५० पासून ‘कॅमेरा’ मासिकातील अशा स्पर्धेचे परीक्षण करताना दोमोन केन या थोर छायाचित्रकाराने देशभरातील हौशी लोकांना कसलीही मांडामांड न करता वास्तव टिपण्याचा धडा घालून दिला होता. मंडळात परदेशी शिक्षकाला भाषा आली नाही तरी चालत असे, कारण टेबलावर प्रिंट पसरला की बोटाने कडा दाखवून ‘इथे काप’ एवढे सांगता येई. नोव्हेंबरच्या आरंभी होणाऱ्या गावच्या सांस्कृतिक महोत्सवात ‘योत्सुगिरी’ म्हणजे २५४ बाय ३०५ मिलिमीटर मापाचे प्रिंट चौकटीत लावून मांडले जात, आणि तिथे एएलटीचे नाव प्रथमच ‘इंग्रजीचा शिक्षक’ या बिरुदाशिवाय लिहिले जाई. होक्काइदोमधील हिगाशिकावा या छोट्या शेतकरी गावाने तर १९८५ साली स्वतःला ‘छायाचित्रांचे गाव’ म्हणून जाहीर केले, १९९४ पासून देशभरातील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांची छायाचित्रण-स्पर्धा तिथे भरते, आणि २०१५ साली परदेशी विद्यार्थ्यांना जपानी शिकवणारी सार्वजनिक शाळाही त्याच गावाने उघडली. भाषाशिक्षण आणि छायाचित्रण यांची सांगड एखाद्या ग्रामपालिकेने जाणीवपूर्वक घातल्याचे असे उदाहरण विरळाच.

डिजिटल तंत्रज्ञानाने पुढची दहा वर्षे ढवळून काढली. मागे पडदा असलेला कॅसिओचा ‘क्यूव्ही-१०’ १९९५ साली आला. २००० च्या नोव्हेंबरमध्ये १ लाख १० हजार पिक्सेलचा कॅमेरा असलेला शार्पचा मोबाइल विक्रीस आला. आणि २००३ मध्ये कॅननने ‘ईओएस किस डिजिटल’ आणल्यावर डिजिटल एसएलआर नवख्या शिक्षकाच्या आवाक्यात आला. रोलचा खर्च गेल्याने फोटोंची संख्या वाढली, ते निवडण्याची शिस्त मात्र ढिली पडली. या काळातील संग्रह चाळताना कंटाळा येतो तो याचमुळे. पण खरा फरक तंत्रज्ञानापेक्षा कायद्याने पडला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २००३ साली संमत होऊन २००५ च्या एप्रिलपासून पूर्णपणे लागू झाला, आणि मुलांचे चेहरे ही जपून हाताळायची माहिती आहे, ही जाणीव शाळांमध्ये झपाट्याने पसरली. मोबाइल कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येऊ नये हा जपानी उद्योगाचा दंडकही याच सावधगिरीतला. परिणामी इंग्लिश बोर्डवरून विद्यार्थ्यांचे फोटो उतरले, एएलटीच्या संग्रहातून वर्ग हळूहळू नाहीसा झाला आणि त्याची जागा रिकाम्या गल्ल्या, विजेच्या तारा आणि पेयांची विक्रीयंत्रे यांनी घेतली. या चित्रांना कलात्मक एकाकीपणाचे लक्षण मानण्याची प्रथा आहे. त्यांतला काही भाग तरी निव्वळ नियमपालनाचा आहे.

नोकरीची घडणही याच सुमारास मोडू लागली. काटकसरीच्या दडपणाखाली अनेक नगरपालिकांनी जेटऐवजी खासगी कंपन्यांकडून शिक्षक घ्यायला सुरुवात केली. त्यातील कंत्राटी पद्धतीत शिक्षकाला आदेश देण्याचा अधिकार फक्त कंपनीला असल्याने, वर्गातल्या जपानी शिक्षकाने त्याला सूचना देणे कायद्यात बसत नसे, म्हणजे सहअध्यापनाचा पायाच निखळत असे. खासगी संभाषण-वर्गांच्या क्षेत्रात २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘नोव्हा’ ही सर्वांत मोठी साखळी कोसळली आणि हजारो शिक्षकांचे पगार अडकले. प्राथमिक शाळांच्या पाचवी-सहावीत २०११ पासून परदेशी भाषेचे उपक्रम सक्तीचे झाल्यावर मागणी वाढली, पण सुट्टीत पगार कापणारे करारही वाढले. कॅमेरा स्वस्त झाला तेव्हाच तो वापरायची फुरसत महाग झाली, असा हा उलटा व्यवहार होता.

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत इशिनोमाकी आणि रिकुझेनताकाता येथील दोन अमेरिकी एएलटी मृत्युमुखी पडले. त्या किनाऱ्यावर चिखलातून लाखो कौटुंबिक फोटो वर आले आणि फुजीफिल्मच्या मार्गदर्शनाने स्वयंसेवकांनी ते कोमट पाण्यात, मऊ ब्रशने, एकेक करून धुऊन दोरीवर वाळत घातले. कागदी प्रिंट पाण्यातून वाचतो आणि हार्डडिस्क बहुधा वाचत नाही, हे या निमित्ताने पुष्कळांच्या ध्यानात आले. जुन्या वस्तूंच्या दुकानांतील ‘जंक’ असे लिहिलेल्या टोपल्यांतून बिघडलेल्या कॅमेऱ्यांच्या लेन्स वेचून, अडॅप्टरच्या साह्याने त्या बिनआरशाच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर बसवण्याचा छंद पुढच्या दशकात वाढला तो मात्र स्वस्ताईमुळे. १९२६ पासून निघणारे ‘असाही कॅमेरा’ मासिक २०२० च्या जुलै अंकानंतर थांबले, त्याच वर्षी साथीमुळे जेटच्या नव्या तुकडीचे आगमनही रखडले. आणि दारे पुन्हा उघडली तेव्हा, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, डॉलर १५० येनपर्यंत चढला होता. नव्या एएलटीचे पहिल्या वर्षाचे ३३ लाख ६० हजार येनचे वेतन त्या दराने २२ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे १९८७ च्या आकड्याहूनही कमी, भरत होते.

दरम्यान २००२ ते २०२० या काळात विद्यार्थ्यांअभावी जपानमधील ८,५८० सार्वजनिक शाळा बंद झाल्या. त्यांच्या अधिकृत अल्बममध्ये प्रवेशद्वारापुढे रांगेत उभे राहिलेले वर्ग आहेत. दुपारच्या जेवणाची पातेली, पुसायची फडकी, शिक्षककक्षातली शेगडी हे सारे त्या अल्बममध्ये क्वचितच येते, आणि ते जिथे सापडण्याची शक्यता आहे ते रोल आज ओटावा किंवा लीड्स इथल्या कुणा पन्नाशीतल्या माणसाच्या माळ्यावर पडलेले असतात. ते स्कॅन करून जुन्या विद्यार्थ्यांना पाठवण्याचे खासगी प्रयत्न चालू आहेत. सार्वजनिक संग्रहात ते आणायचे तर प्रत्येक चेहऱ्याच्या संमतीचा प्रश्न येतो, कारण विनासंमती आपली छबी टिपली न जाण्याच्या नागरिकाच्या स्वातंत्र्याला जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच मान्यता दिलेली आहे, आणि जी मुले तेव्हा बारा वर्षांची होती ती आता गाव सोडून कुठल्या शहरात आहेत हे शोधायला शाळाच उरलेली नाही.