कंपनीचा लाभांश आणि हिंगोलीची छावणी

माझ्या आजोबांच्या तोंडी ‘कंपनी सरकार’ हा शब्द अखेरपर्यंत होता. कंपनी १८७४ साली विसर्जित झाली, आजोबा तिच्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मले. पण गोऱ्यांचे राज्य म्हणजे कंपनीचे राज्य, हा त्यांचा हिशेब कधी बदलला नाही. आमचा मुलूख निजामाचा. तरीही हिंगोलीला १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. आजोबांच्या वडिलांनी ती छावणी पाहिलेली होती. पाहिली म्हणजे तिची ओझी वाहिली होती. पलटण गावावरून जायची असली की वेठीला महार ठरलेला. पुढच्या मुक्कामापर्यंत सामान न्यायचे, तिथल्या महाराच्या डोक्यावर द्यायचे आणि रात्री उपाशीपोटी परत यायचे.

शाळेत असताना मला एक साधा प्रश्न पडे. मिरी, कापड, चहा यांचा जहाजांतून व्यापार करणाऱ्या मंडळीचे समुद्रापासून इतक्या दूर, कयाधूच्या काठी काय काम होते? आमच्या गुरुजींनी ‘साम्राज्यविस्तार’ असा एक शब्द सांगितला आणि फळा पुसला. त्या शब्दाने माझे समाधान झाले नाही. पुढे बाबासाहेबांचा ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवस्था या विषयावरचा प्रबंध वाचला, तेव्हा उत्तर कुठे शोधायचे हे कळले. ते लढायांच्या वर्णनात नव्हते, जमाखर्चात होते.

आधी कंपनी कोणाची हे पाहू. समुद्रावरच्या व्यापाराच्या दोन तऱ्हा आपल्या किनाऱ्याने पाहिल्या. पोर्तुगालच्या राजाने मसाल्याचा व्यापार स्वतःच्या ताब्यात ठेवला होता. लिस्बनला ‘कासा दा इंडिया’ नावाची त्याची कचेरी होती. माल, जहाजे, नफा यांवर राजाचा हक्क. १५१० साली गोवा घेतल्यावर या पाण्यात फिरणाऱ्या जहाजांनी पोर्तुगीजांचा परवाना विकत घ्यावा, नाही तर जहाज जप्त, अशी त्यांची रीत होती. समुद्रावरची जकातच म्हणा ना. इंग्रजांची तऱ्हा वेगळी. ३१ डिसेंबर १६०० ची सनद राणीची, पण भांडवल लंडनच्या व्यापाऱ्यांचे. मुंबई बेट १६६८ साली राजाने या कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिले.

मग इंग्रज कंपनी खाजगी होती काय? सुरुवातीला होती. १७७३ च्या कायद्याने पार्लमेंटने तिच्या कारभारात हात घातला, १७८४ साली तिच्यावर सरकारी नियंत्रण मंडळ बसवले. १८१३ साली हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता गेला, चहा आणि चीनचा व्यापार तेवढा उरला. १८३३ च्या कायद्याने तोही गेला. नावाला कंपनी, कामाला सरकार.

इथे वाचकाने थोडे थांबावे. दुकान बंद झाले म्हणजे भागीदारांचा नफा बंद होतो, हे आठवडी बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईलाही ठाऊक असते. १८३३ च्या कायद्याने मात्र कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश पुढेही मिळत राहील असे ठरवून दिले. भांडवल ६० लाख पौंड, म्हणजे लाभांश वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड. पौंडाला दहा रुपये असा ढोबळ भाव धरला तर ६३ लाख रुपये. हा पैसा कशातून? हिंदुस्थानच्या महसुलातून. चाळीस वर्षांनी भाग परत घ्यायचे झाले तर शंभराला दोनशे द्यायचे, हेही त्याच कायद्यात लिहिले होते. त्याप्रमाणे ६० लाखांच्या भांडवलाचे १ कोटी २० लाख झाले. १८५८ साली राणीचे राज्य आले, पण कंपनीचे कर्ज आणि हा लाभांश यांचा बोजा हिंदुस्थानच्याच माथी कायम राहिला. म्हणजे हिंदुस्थान ज्यांनी जिंकला, त्यांच्याकडून तो विकत घेण्याची किंमतही हिंदुस्थानच्या रयतेने भरली.

आता हिंगोलीकडे येतो. निजामाने कंपनीशी तह करून तैनाती फौज घेतली होतीच. तिच्याशिवाय रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात आणखी एक फौज उभी राहिली. शिपाई निजामाच्या नावाचे, अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. हीच पुढची कंटिंजंट. पगार वेळेवर द्यायचा तर रोकड हवी, आणि ती पुरवायला हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची सावकारी पेढी तयार होती. व्याज सालिना शेकडा चोवीसच्या घरात. दिवाण चंदुलाल कर्ज घेत गेले. १८२० नंतर मेटकाफ रेसिडेंट झाला, त्याने हा व्यवहार उघडा पाडला. पेढीचे देणे भागवण्यासाठी मार्ग निघाला तो असा : उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीने निजामाला दरसाल सात लाख पेशकश द्यायची होती, ती सुमारे १ कोटी १६ लाख रुपये एकरकमी देऊन कायमची मिटवून टाकली. पैसा निजामाच्या नावे आला आणि सावकाराच्या घरी गेला.

फौज राहिलीच, देणे पुन्हा साचले. २१ मे १८५३ च्या तहाने कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. पुढचे दोन १८६० साली परत मिळाले. कापसाचे वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ साली ते वर्षाला २५ लाखांच्या कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिले. पैनगंगेच्या अलीकडे हिंगोलीला फौज आणि पलीकडे तिच्या पगारासाठी गहाण पडलेला मुलूख, असे हे चित्र आहे. समुद्रावरच्या कंपनीचे कयाधूकाठी काय काम होते, याचे माझ्यापुरते उत्तर यात आले.

आपल्या माणसांत या बाबतीत दोन मते आहेत आणि ती मोकळेपणाने मांडली पाहिजेत. एक मत म्हणते, कंपनीने आपल्या हाती बंदूक दिली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावला महार शिपाई लढले, स्तंभावर त्यांची नावे आली. पेशवाईत जे स्वप्नातही नव्हते ते घडले. हे खरे आहे, आणि बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार याच सैन्यातून वर आले. पण त्याच सैन्याने १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली, हेही खरे आहे. गरज होती तोवर बंदूक. गरज सरल्यावर आमची जात त्यांना दिसली. ऑगस्ट १९३० मध्ये नागपूरच्या दलित परिषदेत बाबासाहेबांनी ब्रिटिश राज्याला हाच जाब विचारला होता : विहिरी, मंदिरे, पोलीस, सैन्य यांची दारे या राज्याने आम्हांला उघडली काय?

मला विशेष वाटते ते १९१५ सालाचे. कोलंबिया विद्यापीठात शिकणारा चोवीस वर्षांचा एक महार तरुण प्रबंधासाठी कंपनीचे हिशेब हाती घेतो. त्यात शेतसारा आहे, मिठावरचा कर आहे, अफू आहे, सार्वजनिक कामांवरचा तुटपुंजा खर्च आहे, आणि कर्ज हिंदुस्थानवर टाकण्यातला अन्याय आहे. जातीविषयीही त्याच काळात ते लिहीत होते. पण कर कोण भरतो आणि तो कोणासाठी खर्च होतो, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच हाती घेतला होता. आपल्या चळवळीत हा धागा पुढे फारसा कोणी ओढला नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते. प्रबंध छापून सर्वसामान्य वाचकांपर्यंत यायला तर १९८९ साल उजाडले, शासनाने काढलेल्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात.

आजोबांची एक आठवण राहिली. गावाचा सारा गोळा झाला की पैशांची थैली तालुक्याला पोचवायची ती महाराने. पाटील, कुलकर्णी घोड्यावर पुढे. थैली आमच्या माणसाच्या डोक्यावर. वाटेत थैली गेली तर जीवही गेला. त्या थैलीत किती आहे हे मोजण्याची मात्र त्याला परवानगी नव्हती, आणि खजिन्यात ती रिकामी होताना तो ओट्याखाली, उन्हात उभा असे.