वीजबिलाची नाडीपरीक्षा

फ्रीगंज परिसरातील जी शुश्रूषागृहे मी जवळून पाहतो, त्यांपैकी बहुतेकांत विजेचे बिल लेखापालाकडे जाते आणि यंत्रे तंत्रज्ञाच्या हाती असतात. एकाला रक्कम दिसते, दुसऱ्याला यंत्र. रोग्याची नाडी एकाने पाहावी व औषध दुसऱ्याने न भेटताच लिहावे, असा हा प्रकार होय.

दोघे एकत्र बसले की काय साधता येते, याचे उदाहरण शेजारच्या इंदूरमध्ये आहे. इंदूरला नर्मदेचे पाणी खरगोन जिल्ह्यातील जलूद येथून उपसून बऱ्याच उंचीवर चढवावे लागते; साहजिकच विजेचा खर्च प्रचंड. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महानगरपालिकेने हरित रोख्यांद्वारे २४४ कोटी रुपये उभारले, ते जलूद येथील ६० मेगावॉटच्या सौरप्रकल्पासाठी. उपशाला किती युनिटे लागतात हे अभियंता जाणतो. वाचणाऱ्या बिलातून व्याज व मुद्दल फिटेल काय, हे वित्त विभाग जाणतो. असा निर्णय एकट्याच्या आवाक्यातला नव्हे.

आपले प्रमाण लहान असले तरी तत्त्व तेच. उच्च दाबाच्या जोडणीत मागणी केव्हीएमध्ये मोजतात. ४० किलोवॉटचा भार ०.८ पॉवर फॅक्टरवर ५० केव्हीए होतो, ०.९५ वर सुमारे ४२. कपॅसिटर तंत्रज्ञ बसवील. त्याची किंमत किती महिन्यांत वसूल होईल, हे लेखापाल सांगेल. ऑटोक्लेव्ह, पाण्याचा पंप आणि वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालली की कमाल मागणी वाढते. पंप पहाटे चालवल्यास एक पैही न गुंतवता ती उतरू शकते. परंतु बिलातील तो आकडा तंत्रज्ञापर्यंत पोहोचलाच नाही, तर त्याने वेळ का बदलावी?

या बैठकीत तिसरी खुर्ची मात्र डॉक्टरांची असावी. लसींच्या शीतपेटीतील २ ते ८ अंश सेल्सिअस, ऑटोक्लेव्हची १२१ अंशांवरील किमान १५ मिनिटे आणि अतिदक्षता विभागाचा अखंड पुरवठा, येथे काटकसरीला प्रवेश नाही. कागदावर ही बचत आकर्षक दिसेल. तिची किंमत मात्र रुग्ण मोजेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवून तिघांनी दरमहा अर्धा तास एकत्र बसावे. विजेचा प्रत्येक वायफळ रुपया शेवटी रुग्णाच्याच देयकात उतरतो, याचे भान आपण वैद्यक व्यावसायिकांनी ठेवलेच पाहिजे.