वय झालं म्हणून सोडू नका, आधी कान तपासून घ्या

छत्रपती संभाजीनगर : टीव्हीचा आवाज वाढतच जातो, फोनवर सारखं "काय? काय?" चालतं, बाजारात भाव ‘सात’ सांगितला तर ‘साठ’ ऐकू येतो. घरचे म्हणतात, "वय झालं, आता असंच चालायचं." पण कमी ऐकू येण्याचं कारण दरवेळी वय नसतं. काही कारणांवर तर सोपा इलाज आहे.

कशामुळं कमी ऐकू येतं?
कानाच्या आत आवाज पकडणाऱ्या नाजूक पेशी असतात. वयाप्रमाणं त्या मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. बारीक आवाज आधी जातात. म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं, पण शब्द कळत नाहीत. मळणी यंत्र, ट्रॅक्टर, डीजे यांच्या आवाजानं ही झीज लवकर होते. शुगर, बीपी आणि टीबीवरची काही इंजेक्शनंही कारण ठरू शकतात.

बरं होण्यासारखं काय?
कानात मळ साचला असेल तर डॉक्टर काही मिनिटांत काढतात. कान वाहत असेल तर औषध आहे, पडद्याला भोक असेल तर ऑपरेशन होतं. काडी, पिन किंवा गरम तेल मात्र कानात घालू नये.

एका कानानं अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उशीर झाला तर ऐकू परत येणं अवघड होतं.

तपासणी आणि मशीन
घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. कोणत्या कानाला किती कमी ऐकू येतं, हे ऑडिओमेट्री तपासणीत कळतं. मशीन त्यानंतरच घ्यावं. बाजारातलं स्वस्त यंत्र नुसता आवाज वाढवतं. सुरुवातीला मशीनचा गोंगाट वाटतो. रोज थोडा थोडा वेळ लावलं की सवय होते.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असलेल्यांना अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये थेट बँक खात्यात मिळतात. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

घरच्यांनी काय करावं?
ओरडू नये. टीव्ही बंद करून, समोर बसून सावकाश बोलावं. ऐकू येईना की माणूस पारावर बसायचं सोडतो, घरात गप्प होतो. तो गप्प होण्याआधीच कान तपासून घ्यावेत.