द्विमितीय अर्धसंवाहकांतील चुंबकत्व : स्पिनट्रॉनिक साधनांच्या संदर्भात

इलेक्ट्रॉनला विद्युतभाराबरोबरच स्पिन हाही गुणधर्म असतो. प्रचलित अर्धसंवाहक साधने प्रामुख्याने विद्युतभाराचा उपयोग करतात. स्पिनचाही उपयोग करावयाचा, तर अर्धसंवाहक असूनही सामान्य तापमानास लोहचुंबकीय राहणारा पदार्थ हवा; अडचण नेमकी तेथेच आहे.

पहिला मार्ग चुंबकीय अणू मिसळण्याचा. पूर्वी पुणे विद्यापीठात अध्यापक असलेले सतीशचंद्र ओगले व त्यांच्या सहकाऱ्यांना २००३ मध्ये अमेरिकेतील मेरिलंड विद्यापीठात कोबाल्टमिश्रित टिन ऑक्साइडच्या पातळ पटलात दर कोबाल्ट अणूमागे सुमारे ७.५ बोर मॅग्नेटॉन एवढे चुंबकीय परिबल आढळले. धातुरूप कोबाल्टमध्ये ते सुमारे १.७ असते. मात्र २००४ मध्ये याच गटाने कोबाल्टमिश्रित टायटॅनियम ऑक्साइडच्या काही पटलांत कोबाल्टचे सूक्ष्म पुंजके असूनही असंगत हॉल परिणाम दिसतो, हे दाखविले. हा परिणाम म्हणजे पदार्थाच्या अंगभूत चुंबकत्वाचा पुरावा, असे तोवर मानले जाई. आपल्याच क्षेत्रातील कसोटीवर असे बोट ठेवणे विरळाच.

दुसरा मार्ग द्विमितीय स्फटिकांचा. सर्व दिशा समान असतील, तर द्विमितीय रचनेत शून्याहून अधिक तापमानास लोहचुंबकीय क्रम टिकत नाही, हे मर्मिन व वॅग्नर यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले. स्फटिकाने एखादी दिशा पसंत केली, की हा निर्बंध सैल होतो. २०१७ मध्ये क्रोमियम आयोडाइडच्या एकाच स्तरात ४५ केल्विनपर्यंत लोहचुंबकत्व आढळले. येथे क्रोमियम मूळ जालकातच असल्याने बाहेरून मिसळलेल्या अणूंच्या पुंजक्यांची शंका उरत नाही. परंतु ४५ केल्विन म्हणजे उणे २२८ अंश सेल्सिअस. म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या स्तरांत चुंबकीय अणू मिसळण्याचे प्रयत्न होतात, आणि जुनी शंका पुन्हा उभी राहते.

५ मिलीमीटर बाजूच्या चौरसावरील क्रोमियम आयोडाइडच्या एका स्तराचे एकूण परिबल केवळ १३ मायक्रोमीटर बाजूच्या लोखंडी कणाएवढे भरते. हाफ्नियम ऑक्साइडच्या पटलांत २००४ मध्ये चुंबकत्व नोंदविले गेले. २००५ मध्ये अन्य संशोधकांना ते आढळले नाही, उलट पोलादी चिमट्याच्या स्पर्शाने तसाच संकेत मिळतो, असे दिसले. जालन्यासारख्या पोलाद उद्योगाच्या शहरातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेस ही बाब अधिकच लागू पडते. तेथे लोखंडी धूळ नमुन्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता गृहीत धरणेच बरे. प्लॅस्टिकचा चिमटा फारसा महाग नसतो. त्याबरोबरच, जिच्यावर पटल चढविलेलेच नाही अशी कोरी आधारपट्टी त्याच भट्टीतून व त्याच हाताळणीतून नेऊन तिचेही मापन नमुन्याच्या आलेखाशेजारी द्यावे लागते.