बाळोती धुणे हे हलके काम नव्हे

घरात मूल जन्मले की आनंदाबरोबर बाळोत्यांचा ढीगही येतो. हे काम बहुधा सासूवर, आजीवर किंवा घरातल्या थोरल्या मुलीवर पडते आणि त्याची कोणी गणती करीत नाही. घरभेटींना जाताना आम्ही पाहतो की, भातलावणीच्या दिवसांत तर ते कसेबसे उरकले जाते. नुसती पाण्यातून काढलेली, अर्धवट वाळलेली बाळोती पुन्हा बाळाला गुंडाळली जातात. मग जांघ लाल होते, मूल रात्रभर रडते आणि दृष्ट काढली जाते. खरे कारण मात्र दोरीवर लोंबत असते.

मूत्र व विष्ठा ओल्या कपड्यात साचून राहिली की त्यांतून उग्र वासाचा अमोनिया तयार होतो. बाळाची त्वचा कोवळी असते. ओलाव्याने ती फुगते, अमोनियाने व विष्ठेने सोलवटते, आणि मग तेथे बुरशी व जंतू घर करतात. म्हणून पहिला नियम असा की, बाळोते ओले झाले की लगेच बदलावे आणि अंग साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे. त्यावर खोबरेल तेलाचा पातळ हात पुरे. बोरिक पावडर मात्र लावू नये. सोललेल्या कातडीतून ती रक्तात जाते व तान्ह्या मुलांना विषारी ठरते.

आता धुण्याची रीत पाहू. शी आधी खरवडून संडासात टाकावी. तान्ह्याची शी निरुपद्रवी असते असे पुष्कळजण समजतात, पण तिच्यातूनही हगवणीचे जंतू पसरतात. म्हणून विहिरीच्या कट्ट्यावर किंवा पिण्याच्या पाण्याजवळ बाळोती धुऊ नयेत, आणि ते पाणी कोथिंबीर-मुळ्याच्या वाफ्यात सोडू नये. शू झालेली व शी झालेली बाळोती वेगळी ठेवावीत. आधी थंड पाण्यातून काढावीत, मग गरम पाण्यात साध्या साबणाने चोळून धुवावीत. त्यानंतर साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत दोन-तीन वेळा खळबळावीत. काळ्या मातीच्या भागात विहिरीचे पाणी जड असते, तेथे साबणाची साय कापडात अडकून ते राठ होते. तेथे एक पाणी जास्त घ्यावे. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रव्ये वापरू नयेत, त्यांनी कापडाचे पाणी शोषणे कमी होते. मुताने भिजलेल्या कपड्यांवर ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. भिजवणाची बादली झाकून उंचावर ठेवावी, कारण रांगते मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकते. आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चुलीकडे जाऊ नये.

वाळवायला कडक उन्हासारखे औषध नाही. तिन्हीसांजेपूर्वी बाळोती घरात घ्यावीत अशी जुनी रीत आहे. तिचा अर्थ दवाने ती पुन्हा ओलावू नयेत एवढा जरी घेतला तरी ती चांगलीच आहे. खानापूरकडच्या पावसात मात्र ऊन दिसत नाही. तेथे जुन्या सुती लुगड्याची किंवा धोतराची पंचवीस-तीस बाळोती हाताशी ठेवावीत, वाऱ्याच्या पडवीत वाळवावीत आणि वापरण्यापूर्वी गरम इस्त्री फिरवावी. चुलीच्या धुरावर वाळवू नयेत.

शेतकरी घरांनी दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कीटकनाशक फवारून आलेल्या माणसाचे कपडे बाळोत्यांबरोबर, त्याच बादलीत वा घमेल्यात धुऊ नयेत. ते विष कातडीतून अंगात जाते, आणि लहान जिवाला त्याची थोडी मात्राही पुष्कळ होते. दुसरी, थोरल्याची बाळोती, टोपडी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून धाकट्यासाठी ठेवू नयेत. काही मुलांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची उपजत उणीव असते. अशा मुलाच्या अंगात डांबरगोळीचा अंश गेला की रक्तपेशी फुटतात, कावीळ चढते, आणि ती मेंदूत गेली तर मूल जन्माचे अधू होते किंवा दगावते. ही उणीव वरून दिसत नाही. म्हणून कपडे धुऊन, खडखडीत वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावेत.

बाळोती धुणाऱ्या हातांना बाळाची प्रकृती सर्वांआधी कळते, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाकाठी सहा किंवा अधिक बाळोती भिजत असतील तर दूध पुरत आहे असे समजावे. ती कमी होऊ लागली, मूल सुस्त झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. तान्ह्याची शू पाण्यासारखी असते. तिचा गडद पिवळा डाग पडू लागला, शी पांढुरकी, शाडूसारखी होऊ लागली आणि जन्मानंतर दोन आठवडे होऊनही कावीळ उतरली नाही, तर पित्तनलिका बंद असण्याचा संभव असतो. त्यावरची शस्त्रक्रिया मूल दोन महिन्यांचे होण्याच्या आत झाली तर यशाची आशा अधिक असते. अशा वेळी झाडपाल्यात व गंडेदोऱ्यात दिवस घालवू नयेत, बाळोते घडी करून पिशवीत घ्यावे आणि थेट मोठ्या इस्पितळात नेऊन दाखवावे. शीत रक्त दिसले तरीही थांबू नये. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा व भोवती बारीक ठिपके असतील तर ती बुरशी समजावी. तिला डॉक्टरांचे मलम लागते, दुकानातून कोणतीही ट्यूब आणून लावू नये.

शेवटी घरच्या पुरुषांना एक विनंती. बाळंतिणीने वाकून जड बादल्या उचलणे बरे नव्हे. विहिरीचे पाणी शेंदून देणे, तापवणे, ओली बाळोती पिळून दोरीवर टाकणे यात कोणाचा मान जात नाही. लावणीच्या घाईतही सकाळी अर्धा तास यासाठी काढावा. आपण रोपाची मुळे कुजू नयेत म्हणून वाफ्यातले साचलेले पाणी काढतो, तेवढी काळजी घरच्या कोवळ्या रोपाचीही घेऊ या.