‘ड’ जीवनसत्त्वाचा कारभार

पनवेलमध्ये ऊन कमी पडते असे कोणी म्हणणार नाही. पावसाळा सोडला तर ते नकोसेच होते. तरीही शेजारच्या मुंबईत के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक निरोगी तरुणांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळले. हे कसे?

खरे तर हे जीवनसत्त्व नव्हेच. ते शरीर स्वतः बनवते आणि त्याचे काम संप्रेरकासारखे चालते. त्वचेतील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यावर २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पडले की त्याचे पूर्वद्रव्य तयार होते व शरीराच्या उष्णतेने त्याचे सावकाश ‘ड’ बनते. ऊन लांबले तर तेच किरण जादा पूर्वद्रव्य निरुपयोगी करून टाकतात. म्हणून दिवसभर भातलावणी करणाऱ्यालाही उन्हामुळे ‘ड’ची बाधा होत नाही.

यकृत मात्र असा हिशेब फारसा ठेवत नाही. आलेल्या ‘ड’ला ते एक हायड्रॉक्सिल गट जोडते. हा साठा रक्तात काही आठवडे टिकतो. तपासणीत मोजतात तो हाच. खरी चावी मूत्रपिंडाकडे. तेथे दुसरा गट जोडला की सक्रिय संप्रेरक मिळते आणि आतडे अधिक कॅल्शियम शोषते. रक्तातील कॅल्शियम उतरले की मानेतील परावटू ग्रंथी मूत्रपिंडातील विकराला कामाला लावतात. कॅल्शियम चढले की ते थंडावते. शिवाय सक्रिय संप्रेरक स्वतःलाच मोडणारे विकर वाढवते.

गोम इथेच आहे. साठा आटला तरी परावटू ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्ताची पातळी सांभाळतात. रक्त ठीक दिसते, हाडे मात्र झिजतात. मुलांना मुडदूस होतो. उलट, आठवड्याला एक घ्यायची ६०,००० एककांची पुडी कोणी महिनोन्‌महिने रोज घेतली, तर त्वचेवरचा पहारा टळतो आणि साठा इतका फुगतो की मूत्रपिंडाने दार लावूनही कॅल्शियम वाढते. उलट्या होतात, मूत्रपिंडच बिघडते. डॉक्टरांना न विचारता पुडी फोडू नये, हे पालकसभेत सांगायलाच हवे.

आपण कौतुक करतो त्या सकाळच्या कोवळ्या उन्हात हे किरण फार थोडे असतात. मैदानात एक मीटरची काठी रोवा. सावली काठीहून आखूड असेल तेव्हा किरण पुरेसे, हा ढोबळ नियम. पनवेल सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरलाही माध्यान्ही सावली ९१ सेंटिमीटरच भरेल. लंडनला ती साडेतीन मीटरहून लांब असते. वर्गाच्या बंद खिडकीतून येणारे ऊन मात्र यात धरू नये. काच हे किरण अडवते.