पूर्ण जोर, मग पूर्ण ब्रेक

मुकुंदवाडीला लागूनच चिकलठाणा एमआयडीसी. तिथल्या एखाद्या शेडमध्ये धातू कापणाऱ्या व्हीएमसी मशीनसमोर दोन मिनिटं उभं राहावं. टेबल झर्रकन सरकतं आणि नेमक्या जागी थबकतं. ते सरकवते सर्वो मोटर. तिच्या मागच्या टोकाला बसवलेला एन्कोडर ती किती फिरली ते क्षणोक्षणी सांगतो आणि ड्राइव्ह त्याप्रमाणे करंट कमी-जास्त करतो.

आता टेबल 100 मिलिमीटर सरकवायचंय, तेही कमीत कमी वेळात. जागा जवळ आली की वेग हळूहळू उतरवावा, असं कुणालाही वाटेल. गणित मात्र वेगळंच सांगतं: घर्षण सोडून दिलं तर अर्ध्या वाटेपर्यंत मोटरचा सगळा जोर पुढे, उरलेल्या वाटेत सगळा जोर मागे. जालना रोडवर दोन सिग्नलमध्ये काही रिक्षावाले हेच करतात, फक्त प्रवाशांचे प्राण कंठाशी येतात!

हे गणित मांडणाऱ्यांपैकी एक डोनाल्ड बुशॉ. त्यांनी 1952 मध्ये प्रिन्स्टनच्या प्रबंधात ते मांडलं. पुढे त्याला व्यापक रूप दिलं ते मॉस्कोच्या लेव्ह पोन्त्र्यागिन यांनी. चौदाव्या वर्षी अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. पूर्ण जोर, मग पूर्ण ब्रेक या पद्धतीला इंग्रजीत नाव पडलं ‘बँग-बँग’.

आकडे घालून पाहू. सेकंदाला सेकंदागणिक 5 मीटर एवढा प्रवेग धरला, तर 100 मिलिमीटरला लागतात सुमारे 0.28 सेकंद. जोराची दिशा पालटायची ती बरोबर 50 मिलिमीटरवर. तिथे वेग मिनिटाला 42 मीटर असतो. म्हणून पालटायला एक हजारांश सेकंद उशीर झाला, तरी टेबल जवळपास दीड मिलिमीटर पुढे जातं. जिथे मायक्रॉनचा हिशेब चालतो तिथे टेबलावरचा जॉब भंगारातच.

खरी मेख इथे आहे. दिशा पालटायची जागा कागदावर दोन ओळींत निघते, पण मशीनवर घर्षण असतं, जॉबचं वजन बदलतं, टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला किंचित पीळ बसतो. शेवटच्या टप्प्यात सतत मागे-पुढे करत राहिलं तर मशीन नुसतं थरथरतं. हार्ड डिस्कच्या हेडसाठी अभियंत्यांनी यावर तोड काढली: लांबचं अंतर जवळपास पूर्ण जोरात कापायचं आणि जागा जवळ आली की नेहमीच्या सौम्य नियंत्रणाकडे सोपवायचं. कारखान्यातल्या ड्राइव्हमध्ये जोर एकदम न पालटता हळूहळू पालटतात, म्हणून वेगाचा आलेख इंग्रजी ‘एस’सारखा वळतो. थोडा वेळ जातो, पण हिसका बसत नाही.

जड फिक्श्चर चढवल्यावर टेबल थांबताना थरथरू लागलं, तर मोटर उतरवण्याआधी ड्राइव्हमधली लोड इनर्शियाची, म्हणजे भाराच्या जडत्वाची, सेटिंग एकदा पाहून घ्यावी.